पर्यवेक्षकाच्या चौकटीतली सही

रविवार, ७ डिसेंबर. रक्कम चाळीस हजार रुपये, पाचशेच्या ऐंशी नोटा. हजर तिघं: मी, माझा नवरा आणि दारव्हा रोडवर शिकवणी वर्ग चालवणारे एक सर. जागा आमच्या घरातली पुढची खोली, सकाळी साडेदहाची वेळ. पैसे नवऱ्याने दिले, सरांनी ते दोनदा मोजले, आणि मी चहा आणला. देऊ नका, असं मी म्हणाले नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे लपवता येणार नाही.

पावतीचा प्रश्नच नव्हता. सरांनी पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची लांब वही काढली आणि त्यात माझा परीक्षेचा बैठक क्रमांक, माझं नाव आणि पुढे ‘४०’ असं लिहिलं. मी त्यांच्या समोर बसले होते, तरी मला ते वाचता आलं. बाकासमोर उभं राहून मुलांच्या वह्या बघायची सवय असलेल्या माणसाला उलटं अक्षर वाचता येतं. माझी ओळ पानाच्या अगदी तळाशी होती. तिच्या वर सोळा ओळी होत्या. सर वही मिटेपर्यंत मी त्या मोजल्या.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. नोकरीला बावीस वर्षं झाली. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिना तीन हजार मानधनावर झरी जामणी तालुक्यातल्या एका जंगलगावात काढली, त्यानंतर नियमित झाले. माझं डी.एड. झालेलं होतं, निवड यादीत नाव होतं, तेव्हाच्या नियमाने जे कागद लागत होते ते सगळे होते. शिक्षक पात्रता परीक्षा हा प्रकार तेव्हा नव्हताच. तो नंतर आला आणि नंतर लागणाऱ्यांसाठी आला, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मग कोर्टाचा निकाल आला. ज्यांच्या नोकरीची पाच वर्षांपेक्षा जास्त वर्षं उरली आहेत, त्या सगळ्यांनी दोन वर्षांच्या आत ही परीक्षा पास व्हायची, नाही तर नोकरी सोडायची. मला अठ्ठावन्न पूर्ण व्हायला नऊ वर्षं सात महिने बाकी होते. आमच्या शाळेत दोनच शिक्षक, मी आणि मुख्याध्यापक. त्यांचे चार वर्षं दोन महिने उरले होते. बोरी अरबच्या पुढे आमचं गाव. यवतमाळहून आम्ही दोघं एकाच बसने जातो. निकालाची बातमी त्यांनीच मला बसमध्ये मोबाइलवर दाखवली.

“मी तं सुटलो, मॅडम,” ते म्हणाले. “म्हातारं व्हायचा पहिला फायदा भेटला.”

“मग माझ्या जागी तुम्हीच बसा पेपरले.”

“बसलो असतो. पण मी नापास झालो तं शाळाच बंद पडन ना. मास्तर म्हणून मीच तेवढा उरलो.”

बसमधले दोघं-चौघं हसले. मीही हसले. शाळेत पोचल्यावर हजेरी घ्यायला उभी राहिले, आणि एकाच मुलाचं नाव दोनदा पुकारलं.

घरात कोणाचं किती हे सांगितल्याशिवाय माझी भीती कळणार नाही. माझा नवरा लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर आहे. हंगामात काम भरपूर, हंगाम संपला की निम्मं. घराच्या कर्जाचा हप्ता अठरा हजार चारशे, तो माझ्या पगारातून जातो. मुलगी नागपूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिची फी आणि खाणावळही माझ्याच पगारातून. म्हणजे माझा पगार थांबला तर दुसऱ्याच महिन्यापासून काय काय थांबेल, ते मला बोटांवर सांगता येत होतं, आणि बसमध्ये बसल्या बसल्या मी ते रोज सांगत होते, स्वतःलाच.

परीक्षा दीडशे गुणांची, दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं. आमच्या प्रवर्गाला साठ टक्के, म्हणजे नव्वद. फॉर्म भरला, एक हजार रुपये फी भरली आणि अभ्यासाला बसले. गणिताची मला भीती नव्हती. परिसर अभ्यास तर रोजचाच. भीती होती ती बालमानसशास्त्राची, कारण डी.एड. झाल्यावर मी ते पुस्तक उघडलंच नव्हतं. जी मुलं समोर होती त्यांच्याशी वागत गेले, आणि ते वागणं कोणत्या तज्ज्ञाच्या कोणत्या टप्प्यात बसतं, हे कधी विचारलं नाही. मुलगी फोनवरून प्रश्न विचारायची.

“आई, मूर्त क्रियांची अवस्था कोणत्या वयात?”

“सात ते अकरा.”

“पक्कं?”

“पक्कं. आमच्या मुख्याध्यापकांची पन्नाशी उलटली तरी ते त्याच अवस्थेत आहेत.”

“हे उत्तर पेपरात लिहू नको म्हणजे झालं.”

बसमध्ये, मधल्या सुट्टीत, कुकरची शिट्टी होईपर्यंत, असा जमेल तसा अभ्यास केला. घरच्या घरी वेळ लावून पेपर सोडवले. अकरा पेपरांपैकी नऊमध्ये नव्वदच्या वर गेले. हे आकडे मी अभ्यासाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत असे. भीती आली की ते पान काढून बघायचे. नऊ वेळा पास झालेलं माणूस दहाव्यांदा नापास कसं होईल, असं म्हणायचे. मग मन म्हणायचं, दोनदा झालंच होतं की.

परीक्षा यवतमाळातच होती. केंद्र ज्या शाळेत होतं तिथे मी स्वतः तीन वेळा शिष्यवृत्ती परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून गेले होते. पण या वेळी फाटकावर माझी तपासणी झाली. अंगठा घेतला, फोटो काढला, हातातलं घड्याळ बाहेर ठेवायला लावलं. खोलीत आमच्यासारखे केस पिकलेले सहा-सात जण होते, बाकी सगळी पंचविशीतली मुलं-मुली. त्यातल्या एकीने मला बघून “पर्यवेक्षक मॅडम आल्या” म्हणत पुस्तक मिटलं. मी तिच्या मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा ती लाजली.

आमच्या खोलीची पर्यवेक्षक एक तरुण शिक्षिका होती. तिने सूचना वाचायला सुरुवात केली. उत्तरपत्रिकेवर गोल पूर्ण काळा करावा. खाडाखोड करू नये. पांढरी शाई वापरू नये. या सूचना मला पाठ होत्या, शिष्यवृत्तीच्या वर्गात मी त्या कितीदा मोठ्याने वाचल्या होत्या. ती वाचत होती आणि माझे ओठ तिच्याबरोबर हलत होते. बैठक क्रमांक लिहिला, गोल काळे केले, प्रश्नपुस्तिकेचा संच लिहिला. खाली दोन चौकटी होत्या, डावीकडे उमेदवाराची सही, उजवीकडे पर्यवेक्षकाची. आणि माझ्या हाताने उजवीकडच्या चौकटीत सही केली.

एकोणीस वर्षं मी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला जाते. वर्षाला दोन पेपर, एका खोलीत चोवीस मुलं. नऊशे बारा सह्या, एखादं वर्ष हुकलं असेल. त्या सगळ्या उजवीकडच्या चौकटीत. उत्तरपत्रिका समोर आली की माझा हात तिकडेच जातो. डोकं त्या वेळी दुसऱ्या सूचनेवर होतं.

मला ते कळलंसुद्धा नाही. मी प्रश्न सोडवू लागले. एक प्रश्न होता, घरची भाषा वेगळी असलेलं मूल वर्गात गप्प बसतं, तर शिक्षकाने काय करावं. चार पर्यायांतला बरोबर पर्याय समोरच दिसत होता, मुलाच्या भाषेला वर्गात स्थान द्यावं. पण मला झरी जामणीतली ती पहिली दोन वर्षं आठवली. मी मराठीत बोलत राहिले होते आणि समोरची कोलाम मुलं गप्प बसली होती. मग एका लहान मुलीने पाण्याने भरलेल्या तांब्याकडे बोट दाखवून ‘ईर’ म्हटलं, मी तिच्या मागून ‘ईर’ म्हटलं, आणि अख्खा वर्ग हसला. तिथून ती मुलं बोलायला लागली. जे मला दोन वर्षांत कळलं ते इथे एका गोलात होतं. त्या एका प्रश्नावर माझी तीन मिनिटं गेली.

चाळीस मिनिटं झाली तेव्हा पर्यवेक्षक सह्या करत माझ्या बाकाशी आली. तिने उत्तरपत्रिका हातात घेतली आणि थांबली.

“मॅडम, माझी सही तं झालेली आहे इथं.”

“नाही, तुम्ही आत्ताच आल्या ना.”

“मग ही कोणाची?”

मी बघितलं. माझीच होती. शेवटचं अक्षर खाली ओढायची माझी लकब आहे, ती तशीच ओढलेली. डावीकडची चौकट कोरी. खाडाखोड करू नये. पांढरी शाई वापरू नये. गैरप्रकार आढळल्यास उत्तरपत्रिका बाद करण्यात येईल. पर्यवेक्षकाची सही उमेदवाराने केली, तर त्याला गैरप्रकार म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

ती पर्यवेक्षकही घाबरली. “मी काय करू आता? मले विचारतील ना.” ती केंद्रप्रमुखांना बोलवायला गेली. माझ्या पुढची मुलगी मागे वळून बघत होती. केंद्रप्रमुख आले, चष्मा वर करून कागद बघितला आणि मला विचारलं, “कोणत्या शाळेवर आहात?” मी सांगितलं. “किती वर्षं?” तेही सांगितलं. ते म्हणाले, “तुमच्या जागेवर तुम्ही सही करा. पर्यवेक्षक त्याच चौकटीत बाजूला सही करतील. खोडू काही नका. मी अहवालात नोंद करतो.”

“बाद होईल का, सर?”

“पेपर सोडवा, मॅडम. वेळ चालला.”

या सगळ्यात अकरा मिनिटं गेली. अकरा मिनिटं म्हणजे अकरा प्रश्न. शेवटची सूचना झाली तेव्हा माझे नऊ प्रश्न वाचायचे राहिले होते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून नऊच्या नऊ ठिकाणी तिसरा पर्याय काळा केला. नऊला चारने भागलं तर सव्वादोन. दोन गुण तरी पडतील, एवढा हिशेब त्या अवस्थेतही झाला.

उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत आपल्याला घरी नेता येते. काही दिवसांनी कच्ची उत्तरसूची आली. मी पट्टी ठेवून एकेक प्रश्न तपासला, मग उलट्या क्रमाने पुन्हा तपासला. दोन्ही वेळा ब्याण्णव. नऊ तिसऱ्या पर्यायांपैकी तीन बरोबर निघाले होते. नवऱ्याने पेढे आणायला गाडी काढली. मी त्याला थांबवलं आणि पहिल्यांदा सहीचं सांगितलं. तोपर्यंत मी ते कोणालाच बोलले नव्हते. केंद्रप्रमुखांकडे जाऊन विचारावं, असं रोज वाटत होतं. पण विचारायला गेलं तर त्यांचं लक्ष जाईल, अहवाल नसेल लिहिला तर आता लिहितील, असंही वाटत होतं. म्हणून गेले नाही. भीतीने माणूस सोपा रस्ता सोडतो, हे मी मुलांच्या बाबतीत बघितलं होतं. न येणारं गणित मूल मास्तरला दाखवत नाही, वही दप्तराच्या तळाशी घालतं. मी तेच केलं.

तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, “आमच्या कारखान्यात एक जण सांगून राह्यला, त्याच्या सालीचं काम एका सरानं करून देलं.”

“कसलं काम?”

“तू भेऊ नोको. मार्क वाढवाचं नाही. तुले मार्क हायेतच. कागद बाद नाही झाला पाह्यजे, एवढंच.”

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बावीस वर्षांत त्याने कोणाला चहाचे पैसेही वरून दिले नव्हते. बदलीच्या वेळीही नाही. मी त्याला नाही म्हणायला हवं होतं. मी विचारलं, “किती?”

सर रविवारी आले. चाळिशीचे, बोलायला गोड. “मॅडम, मी मार्क विकत नाही. मार्क तुमच्या घामाचे. अशा केसमध्ये कागद तपासणीच्या मशीनपर्यंत पोचतच नाही, बाजूला काढून ठेवतात. मी तो पोचवतो, बस. आता चाळीस, निकालानंतर दोन लाख.” त्यांनी प्रवेशपत्राची आणि कार्बन प्रतीची झेरॉक्स मागितली. ती मी आतून आणून दिली. मी मार्क विकत घेत नाहीये, हे वाक्य मला बरं वाटलं, आणि ते गेल्यावर मी त्यांचा कप दोनदा घासला.

त्यानंतरचे आठवडे मी नीट सांगू शकणार नाही, कारण त्यात घडलं काहीच नाही. पैसे देऊन पास झालेल्यांची प्रकरणं पूर्वी झालेली होती, ती आम्ही सगळ्यांनी पेपरात वाचली होती. वही सापडते, वहीतून नावं निघतात, नावांच्या याद्या होतात. आधी मला एकच भीती होती, नापास व्हायची. आता पास व्हायचीही भीती होती. पास झाले तर त्या वहीतली सतरावी ओळ खरी ठरणार होती. कागद माझा, गुण माझे, पण विचारायला कोणी आलं तर मी काय दाखवणार होते?

एकदा वर्ग चालू असताना ग्रामपंचायतीसमोर पोलिसांची गाडी थांबली. मी फळ्यावर भागाकार सोडवत होते. बाकी लिहायची विसरले. तिसरीतली एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, बाकी राह्यली ना.” गाडी बांधाच्या भांडणासाठी आली होती. मुख्याध्यापक खिडकीतून बघून आले आणि म्हणाले, “तुमच्यासाठी नाही आली, मॅडम. पगार तं वेळेवर घेता ना तुम्ही?” ते गमतीने म्हणाले. मी त्यांना पाणी मागितलं.

निकाल लागला तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. पक्क्या उत्तरसूचीत माझा एक प्रश्न गेला. एक्क्याण्णव. पात्र. मोबाइलवर तो शब्द मी चार वेळा वाचला. नवऱ्याला फोन केला, मुलीला केला. दोन तासांनी एक फोन आला.

“अभिनंदन, मॅडम. झालं ना काम?”

“माझे गुण मी मोजलेले होते, सर.”

“मार्कांचं कोण बोलून राह्यलं? सहीचं म्हणतो मी. बाकीचं कधी येऊ घ्यायले?”

मी फोन ठेवला तेव्हा घरात दुपारचं ऊन होतं आणि मी दार लावून घेतलं होतं, ते कधी लावलं ते आठवत नाही. ही गोष्ट मी कुठेच धरली नव्हती. मी बाद झाले असते तर तो माणूस खोटा ठरला असता. मी पास झाले, म्हणून तो खरा ठरत होता. त्याने काही केलं की नाही, हे मला सिद्ध करता येत नव्हतं, आणि त्याला सिद्ध करायची गरजच नव्हती.

नवरा म्हणाला, “घर गहाण हायेच. वरून एखादं कर्ज भेटते काय, पाहू.”

“नाही.”

“मग काय करतं?”

“जे आधी करायला पाहिजे होतं ते.”

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी मी केंद्रप्रमुखांच्या शाळेत गेले. त्यांनी मला लगेच ओळखलं. “या. पर्यवेक्षकाच्या चौकटीतल्या मॅडम.” मी पैशांचं बोलले नाही. फक्त विचारलं, त्या सहीचं पुढे काय झालं.

ते हसले. “त्या दिवशी माझ्या केंद्रावर तुमच्यासारखे तीन निघाले. तिघंही जुने मास्तर. नवी पोरं ही चूक करतच नाहीत. त्यांनी कधी कोणाच्या कागदावर सहीच केलेली नाही.” त्यांनी फाइल काढली. अहवालाची प्रत, खाली पोच म्हणून शिक्का. त्यात तीन बैठक क्रमांक, दुसरा माझा. पुढे एकच ओळ, अनवधानाने सही चुकीच्या चौकटीत, गैरप्रकार नाही. “मशीनला फक्त गोल दिसतात, मॅडम. तुम्ही घाबरल्या होत्या काय?”

“थोडी.”

“मग यायचं ना विचारायला. बाकीचे दोघं दुसऱ्याच दिवशी आले होते. एक पास झाला. दुसऱ्याचे कमी पडले, पण कागद तपासला गेला.”

मी खुर्चीवरून उठले. दुसऱ्याच दिवशी. माझ्या घरून ती शाळा पायी वीस मिनिटं आहे.

रविवारी दुपारी आम्ही दोघं सरांच्या वर्गावर गेलो. बाकं रिकामी होती. मी कार्बन प्रत आणि पक्की उत्तरसूची टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “सर, माझ्यासारख्या चुकीच्या सह्या त्या केंद्रावर तीन होत्या. तिघांचेही कागद तपासले गेले. बाकीच्या दोघांचे पैसे तुम्हाला कोणी दिले?”

त्यांनी दोन्ही कागद उलटून बघितले. मग हसले. “हिशोबात पक्क्या आहात, मॅडम.”

“चाळीस परत द्या,” नवरा म्हणाला.

“ते वर गेले, भाऊ. वरून कधी काही खाली येते काय?” त्यांनी खण उघडून निळी वही काढली आणि टेबलावर ठेवली, उघडली नाही. “दोन लाख सोडून द्या. मी काही बोलणार नाही. पण उद्या माझ्याकडे कोणी आलं तं ते वही घेऊन जातील. मग मले कोण विचारते? की पाहिजे तं आपल्या यशस्वी विद्यार्थ्यांच्या फ्लेक्सवर तुमचा फोटो टाकू. झेरॉक्सवर हाय ना फोटो.”

नवऱ्याने टेबलावर हात आपटला. मी त्याच्या दंडाला धरलं. तक्रार करावी, हे माझ्या मनात होतं. रात्रंदिवस होतं. पण तक्रार कोण करणार? देणारी मीच होते. चहा मीच आणला होता.

“किती?” मी विचारलं. हा शब्द मी दुसऱ्यांदा उच्चारला.

“पंधरा. पान फाडून देतो.”

“बारा आहेत.” मुलीच्या खाणावळीचे होते, माझ्या पर्समध्ये.

त्यांनी पान फाडलं नाही. पट्टी ठेवून तळाची तेवढी ओळ कापली, मुलांच्या प्रगतिपुस्तकाची पोच कापतात तशी, आणि झेरॉक्ससकट माझ्या हातात दिली. मोबाइलमध्ये त्याचा फोटो आहे की नाही, मी विचारलं नाही. विचारून काय कळणार होतं?

बाहेर येऊन मी ती कागदाची पट्टी उलटी करून बघितली. मागच्या बाजूला दुसरी एक ओळ आली होती. झरी तालुक्यातल्या कोणा बाईचं नाव, बैठक क्रमांक, आणि पुढे ‘बाकी’. तिची ओळही वहीतून निघाली होती आणि तिला ते माहीत नव्हतं. तिला कळवावं असं वाटलं. कळवायचं म्हणजे मला हे कुठून मिळालं ते सांगायचं. घरी येऊन मी ती पट्टी गॅसवर जाळली.

प्रमाणपत्राची प्रत सेवापुस्तकात लागली. मुख्याध्यापकांनीच अर्ज पुढे पाठवला आणि बसमध्ये सगळ्यांना पेढे वाटायला लावले. नवा नंबर फोनवर दिसला की मी अजूनही लगेच उचलत नाही. आधी शेवटचे चार आकडे बघते.

शेवटी दिलं ते एवढं. एक हजार रुपये परीक्षेची फी, परीक्षा घेणाऱ्यांना. चाळीस हजार त्या सरांना, नवऱ्याच्या हाताने. आणि बारा हजार त्याच सरांना, १ फेब्रुवारीला, नवऱ्यासमोर, माझ्या हाताने.